पदवीनंतरचे जीवशास्त्र

लखनौच्या निशातगंज वस्तीतून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच अंतरावर विद्यापीठाचे आवार लागते. गोमतीच्या याच तीरावर १९२१ साली डॉ. बिरबल साहनी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या कार्यावरून चांगले उमगते.

पदवी परीक्षेत विद्यार्थ्याने जी उत्तरे द्यावयाची असतात, ती कोणीतरी आधीच शोधून ठेवलेली असतात. पुढे संशोधनाकडे वळल्यावर मात्र ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, असा प्रश्न त्याला हाती घ्यावा लागतो. हुशार विद्यार्थीही येथेच अडखळतात.

एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान हे गाव आहे. दख्खनच्या लाव्हारसाच्या थरांमध्ये साचलेल्या गाळात तेथे प्राचीन वनस्पतींचे अवशेष दगड होऊन राहिले आहेत. त्यांतील एका फळाचे वर्णन साहनींनी १९४३ साली प्रसिद्ध केले व त्याला ‘एनिग्मोकार्पॉन’, म्हणजे ‘कोड्यात टाकणारे फळ’, असे नाव दिले.

अशा अश्मीभूत फळाचा अभ्यास करताना त्याचा पातळ काप कापून तो घासत न्यावा लागतो. प्रकाश आरपार जाईल इतका तो पातळ झाला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसू लागतात. हात किंचित जड पडला तर काप झिजून जातो आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. येथे घाई करणाऱ्याचा निभाव लागत नाही. पेशी दिसल्यावरही काम संपत नाही. मेंदी ज्या कुलात मोडते, त्या कुलाशी साहनींनी या फळाची तुलना केली. आजच्या वनस्पतींची रचना ठाऊक असल्यावाचून ती करणे शक्यच नव्हते. तात्पर्य, पदवीपर्यंतचे पाठांतर वाया जात नाही. त्याला प्रथमच काम मिळते.

यास्तव पुढे शिकू इच्छिणाऱ्याने केवळ संस्थेचे नाव पाहू नये. मार्गदर्शक कोणत्या प्रश्नावर काम करीत आहेत आणि त्या प्रश्नापायी वर्षानुवर्षे बसण्याची आपली तयारी आहे काय, हे त्याने आधी पाहावे.

विद्यापीठानजीक साहनींनी स्थापिलेल्या पुरावनस्पतिविज्ञान संस्थेच्या वास्तूची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी बसविण्यात आली. त्यानंतर एका आठवड्यात त्यांचे निधन झाले. संस्था मात्र बंद पडली नाही. त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी तिची धुरा वाहिली, आणि प्रश्न हाताळावयास शिकलेले विद्यार्थी मागे राहिले होते.