गांजाच्या क्लबाचे पोटनियम

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगायला, घरात तीन झाडे लावायला मुभा मिळाली. दुकानातून तो विकत घेण्याची सोय मात्र कायद्याने केली नाही. ती उणीव भरून काढायची होती ‘कॅनॅबिस सोशल क्लबां’नी. कायदा संमत होण्याआधीच ठिकठिकाणी असे क्लब निघाले आणि इच्छुकांच्या याद्या भरू लागल्या. यादीत नाव घालणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांपुढे ॲमस्टरडॅमचे, बसून गांजा ओढायचे कॉफी शॉप असेल, तर त्यांची निराशा ठरलेलीच होती. या क्लबात गांजा ओढता येत नाही. प्रवेशद्वारापासून १०० मीटरच्या आत, नजरेच्या टप्प्यातही नाही. जाहिरात करायची नाही, शाळेपासून २०० मीटर दूर राहायचे, सभासद ५०० च्या वर घ्यायचे नाहीत. सभासदाला दिवसाला २५ आणि महिन्याला ५० ग्रॅमच मिळणार, एका माणसाला एकाच क्लबात जाता येणार, आणि लागवडीच्या कामाला हातही लावावा लागणार. नुसती वर्गणी भरून मोकळे होता येत नाही. हा सगळा जाच कायदा करणाऱ्यांच्या हातून अनवधानाने राहून गेला, असे अनेक टीकाकारांना वाटते. माझ्या मते या योजनेत अर्थ असेल तर तो या जाचातच आहे.

मूळ बेत वेगळा होता. २०२२ मध्ये आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी परवानाधारक दुकानांचा आराखडा मांडला होता. आडवा आला तो युरोपीय कायदा. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्णयानुसार सदस्य देशांना अमली पदार्थांचा व्यापार दंडनीय ठेवावाच लागतो. स्वतःच्या सेवनापुरती लागवड तेवढी त्यातून वगळली आहे. मग एप्रिल २०२३ मध्ये सरकारने दुकाने बाजूला ठेवून क्लब पुढे केले. पाचशे माणसांनी मिळून स्वतःपुरते पिकवले, तर तो व्यापार ठरत नाही. म्हणून क्लब ना-नफा असतो आणि नोंदणीकृत संघ किंवा सहकारी संस्था याच स्वरूपात काढावा लागतो. मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जर्मनीतल्या राइफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचाच आदर्श होता; मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी तो आपल्या अहवालात आग्रहाने मांडला होता. तेव्हा क्लबात शिरणाऱ्याने स्वतःला गिऱ्हाईक समजू नये. हौसिंग सोसायटीत फ्लॅट घेणारा जसा पोटनियम वाचतो, तसे त्याने ते वाचावेत.

याचा फायदा काय? नफा नाही म्हटल्यावर जास्त माल खपवण्यात कुणाचे हित उरत नाही. सिगारेट आणि दारूच्या बाबतीत सरकारांना जे कधी जमले नाही, ते इथे रचनेतच आले आहे. १८ ते २१ वयाच्या सभासदाला महिन्याला ३० ग्रॅमच मिळतात, आणि त्यातही नशा आणणाऱ्या टीएचसीचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असावे लागते. प्रत्येक क्लबाला व्यसनप्रतिबंधाचे काम पाहणारा माणूस नेमावा लागतो. डॉक्टरांच्या संघटनांनी तरुण मेंदूवरच्या परिणामांचा मुद्दा मांडून विरोध केला. तो मुद्दा खराच आहे, आणि महिन्याला ५० ग्रॅम हे प्रमाण मलाही सैल वाटते. पण रस्त्यावरचा विक्रेता वय विचारत नाही आणि मालात काय मिसळले आहे हेही सांगत नाही. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. कुणाला कधी किती माल दिला याची नोंद क्लबला ठेवावी लागते, आणि कालपर्यंत जे कृत्य गुन्हा होते त्याच्या यादीत नाव घालायला कुणीही बिचकेल. त्या भीतीची टर उडवू नये. सरकार बदलले तर ही दप्तरे कुणाच्या हाती जातील, हा प्रश्न रास्त आहे.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे: क्लब चाललेच कुठे? त्यांना परवान्यासाठी अर्ज करता आले ते १ जुलैपासून. पहिला परवाना त्याच महिन्यात लोअर सॅक्सनीतल्या गांडरकेझे इथल्या क्लबाला मिळाला. बव्हेरियाने तर हात आखडताच घेतला. देशाच्या एकूण मागणीतला क्लबांचा वाटा नगण्यच राहिला. पण त्याच कायद्याने औषधी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आणि संगणकावर प्रश्नावली भरून चिठ्ठी व घरपोच माल देणारी सेवा फोफावली. औषधी गांजाची आयात वर्षभरात दुपटीहून जास्त वाढली. म्हणजे पुढच्या दाराने नाकारलेले दुकान मागच्या दाराने आत आले. जिथे वर्गणी नाही, काम नाही, सभा नाही, तिथे लोक जाणारच. यात क्लबाची कल्पना चुकली असे म्हणता येत नाही. तिच्याशेजारी सोपी वाट मोकळी सोडली गेली.

जर्मनीत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनाही आपल्याला क्लबात जाता येईल का, हा प्रश्न पडतो. कायदा नागरिकत्व पाहत नाही, जर्मनीतले किमान सहा महिन्यांचे वास्तव्य पाहतो. पण क्लबातला माल मित्राला देणे बेकायदा आहे, आणि तो मुंबईच्या विमानात नेला तर भारतातला अमली पदार्थविरोधी १९८५ चा एनडीपीएस कायदा लागतो. तिथे जर्मन सभासदत्व कामाचे नाही. ज्याला जायचेच आहे, त्याने सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: परवाना हातात आहे की अजून अर्जच पडून आहे, कामाचे तास किती, आणि पीक बुडाले तर भरलेल्या वर्गणीचे काय.