तपासणी ‘नॉर्मल’, पण रुग्ण आजारी

‘तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकले, की बहुतेकांना हायसे वाटते. पण काही रुग्णांच्या पोटात याच वाक्याने गोळा उठतो. पुढचे वाक्य त्यांना पाठ झालेले असते : ‘तुम्हाला काहीही झालेले नाही. मन रमवा, थोडा व्यायाम करा.’ घरी परतल्यावर मात्र आंघोळ करून कपडे घालण्याचेही त्राण त्यांच्यात उरलेले नसते.

मग खोटे कोण? रिपोर्ट की रुग्ण? विज्ञानाच्या दृष्टीने हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवे ते असे : आपण काय मोजले, केव्हा मोजले आणि कोणत्या स्थितीत मोजले? या लेखात एका आजाराच्या निमित्ताने आपण हेच तीन प्रश्न तपासून पाहू. त्या आजाराचे नाव आहे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या नावानेही तो ओळखला जातो. सोयीसाठी आपण त्याला एम.ई. म्हणू.

लंडनमधील साथ

जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील एक डॉक्टर आणि एक परिचारिका आजारी पडल्या. घसादुखी, डोकेदुखी, मानेच्या गाठी, चक्कर, स्नायूंत वेदना आणि कमालीची दुर्बलता अशी लक्षणे होती. दोन आठवड्यांच्या आत सत्तरहून अधिक कर्मचारी आजारी झाले आणि रुग्णालय बंद ठेवावे लागले. ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडले. नोव्हेंबरपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी २९२ जणांना या आजाराने गाठले होते. गंमत अशी, की आधीपासून तेथे दाखल असलेल्या रुग्णांपैकी फक्त १२ जणांना तो झाला.

कोणताही जंतू सापडला नाही. कोणी दगावले नाही. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या आजाराला ‘सौम्य मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ असे नाव सुचवले. मायाल्जिया म्हणजे स्नायुदुखी, ‘एन्सेफलो’ म्हणजे मेंदूसंबंधी, ‘मायलो’ म्हणजे मज्जारज्जूसंबंधी आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह. पण अनेक रुग्ण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून राहिले. त्यांच्या दृष्टीने यात सौम्य असे काहीच नव्हते.

१९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले, की ही साथ म्हणजे सामूहिक उन्माद, ‘मास हिस्टेरिया’ होता. त्यांनी कोणत्याही रुग्णाला तपासले नव्हते. जुनी कागदपत्रे चाळली होती. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा, की रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार होते. हा मुद्दा पुरावा म्हणून किती लंगडा आहे पाहा. संधिवाताचा एक प्रकार, ल्युपस, थायरॉइडचे काही विकार हे सारे स्त्रियांतच अधिक आढळतात, पण त्यांना आज कोणी उन्माद म्हणत नाही. तरीही हा शिक्का बसला तो बसलाच. १९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव पुढे आले आणि गोंधळात भर पडली. ‘थकवा? तो तर आम्हालाही येतो!’ असे म्हणायला सगळे मोकळे झाले.

हा थकवा वेगळा कसा?

आपण दिवसभर राबलो, की थकतो. रात्री झोपलो, की सकाळी ताजेतवाने होतो. एम.ई.मध्ये हे गणितच बिघडते. रुग्ण बाजारात जाऊन येतो, पाहुण्यांशी तासभर बोलतो किंवा एखादा अवघड मजकूर वाचतो. त्या वेळी तो बरा दिसतो. फटका बसतो तो नंतर, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. अंग ठणकते, घसा दुखतो, शब्द आठवत नाहीत, उजेड आणि आवाज सोसवत नाही. हे दिवसचे दिवस, कधी आठवडेही चालते. झोपूनही हुशारी येत नाही. श्रमानंतरची ही घसरण हे एम.ई.चे मुख्य लक्षण आहे.

रॉयल फ्रीमधील संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ मेल्विन रॅमसे यांनी हे नेमके हेरले होते. थोड्याशा श्रमानंतर स्नायूंची ताकद भरून यायला तीन ते पाच दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पण ही नोंद बराच काळ मागे पडली. २०१५ साली अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने हजारो शोधनिबंधांचा आढावा घेऊन श्रमानंतरची घसरण हा निदानाचा आवश्यक निकष ठरवला आणि हा शरीराचा गंभीर आजार असल्याचे स्पष्ट केले. अमेरिकेत असे सुमारे ८ लाख ते २५ लाख रुग्ण असावेत आणि त्यांतील बहुसंख्यांचे निदानच झालेले नसावे, असा तिचा अंदाज होता.

दोन दिवसांची चाचणी

आता ‘केव्हा मोजले’ या प्रश्नाकडे वळू. माणसाची श्रमशक्ती मोजण्याची एक चांगली पद्धत आहे. त्याला स्थिर सायकलवर बसवतात, नाकातोंडावर मुखवटा लावतात आणि पेडलवरचा भार हळूहळू वाढवतात. मुखवट्यातून आत घेतलेला ऑक्सिजन आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. भार वाढत गेला, की एक टप्पा असा येतो, की ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळणारी ऊर्जा स्नायूंना पुरेनाशी होते. मग विनॉक्सी मार्गाने मिळणाऱ्या ऊर्जेचा वाटा वाढतो, लॅक्टिक आम्ल साठू लागते आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एकदम वाढते. या टप्प्याला विनॉक्सी उंबरठा म्हणता येईल. दोन्ही वायूंच्या गुणोत्तरावरून त्या माणसाने खरोखर जोर लावला की अंगचोरी केली, हेही कळते.

ही चाचणी एकदाच केली, तर एम.ई.चा रुग्ण आणि बैठे काम करणारा निरोगी माणूस यांच्यातला फरक फारसा स्पष्ट होत नाही. ‘तुम्हाला व्यायामाची सवय नाही, एवढेच!’ असे म्हणता येते. अमेरिकेतील काही संशोधकांनी एक साधी युक्ती केली. तीच चाचणी त्यांनी चोवीस तासांनी पुन्हा घेतली. निरोगी माणूस, मग तो कितीही आळशी असो, दुसऱ्या दिवशी साधारण पहिल्या दिवसाइतकेच काम करतो. एम.ई.च्या रुग्णांचा गट मात्र दुसऱ्या दिवशी कमी भारालाच विनॉक्सी उंबरठ्याला पोहोचतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८४ रुग्णांची तुलना ७१ बैठ्या सवयीच्या निरोगी लोकांशी केली होती. त्यातही रुग्णांची दुसऱ्या दिवसाची घसरण दिसून आली.

ही चाचणी परिपूर्ण नाही. सर्व अभ्यासांत घट सारखीच आढळत नाही, आणि चाचणीच्या श्रमानेच रुग्ण कित्येक दिवस आडवा होऊ शकतो. अतिशय आजारी व्यक्तीला तर ती देताच येत नाही. तरी तिने एक गोष्ट दाखवून दिली. ज्या आजाराचे मर्म ‘उद्या’मध्ये आहे, तो ‘आज’च्या एका मापनात कसा सापडणार?

ॲमस्टरडॅममधील संशोधकांनीही अशाच मार्गाने जाऊन कोविडनंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्या २५ जणांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने व्यायामाच्या आधी आणि व्यायामानंतर एका दिवसाने तपासले. २०२४ च्या त्यांच्या निबंधानुसार व्यायामानंतर रुग्णांच्या स्नायूंतील इजेच्या खुणा वाढल्या होत्या आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांचे कार्य मंदावले होते.

बसून की उभे राहून?

तिसरा प्रश्न स्थितीचा. यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. निरोगी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे शांतपणे आडवे पडू द्या आणि मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग त्यांना न हलता उभे राहायला सांगून दर दोन मिनिटांनी, दहा मिनिटांपर्यंत, नाडी मोजा. कोणाला गरगरले, तर त्याला लगेच बसवा. आकडे घेऊन आलेख काढा.

उभे राहताच गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. मेंदूचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी चेतासंस्था रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हृदयाचे ठोके थोडे वाढवते. हे आपल्या नकळत घडते. काही रुग्णांत ही यंत्रणा बिघडते. प्रौढांत मिनिटाला ३० किंवा अधिक, तर किशोरवयीन मुलांत ४० किंवा अधिक ठोके वाढतात आणि वाढलेलेच राहतात. डोके हलके होते, विचार सुचेनासा होतो. एम.ई.च्या अनेक रुग्णांना उभे राहण्याचा असा त्रास होतो. दवाखान्यात नाडी व रक्तदाब सहसा बसवून किंवा झोपवून मोजतात. साहजिकच आकडे ‘नॉर्मल’ येतात. (हा प्रयोग शरीरक्रिया समजून घेण्यासाठी आहे, त्यावरून कोणाचेही निदान करू नये.)

निकषच सरकले तर?

‘काय मोजले’ या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी एक मोठा ब्रिटिश प्रयोग पाहू. ‘पेस’ नावाचा हा प्रयोग ६४१ रुग्णांवर झाला आणि २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागची कल्पना अशी होती, की रुग्ण श्रमाला भितात, त्यामुळे शरीर कमकुवत होते. तेव्हा समुपदेशनाने भीती घालवावी आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवावा. या उपचारांचा फायदा होतो, असा निष्कर्ष निघाला. पुढे २०१३ मध्ये या दोन गटांतील २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे जाहीर झाले.

रुग्णांनी मात्र निबंध बारकाईने वाचला. शारीरिक क्षमता ० ते १०० गुणांच्या प्रश्नावलीने मोजली होती. प्रयोगात प्रवेश मिळण्यासाठी ६५ किंवा कमी गुण असणे आवश्यक होते. बरे झाल्याच्या अनेक निकषांपैकी एक मूळ आराखड्यात ८५ गुणांचा होता. तो नंतर ६० वर आणला गेला. म्हणजे ६५ गुणांवर आजारी म्हणून आत आलेला माणूस घसरून ६० वर आला, तरी त्या निकषापुरता तो ‘बरा’! शिवाय आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना ठाऊक होते, आणि यशाचे मुख्य माप होते ते त्यांचेच सांगणे.

एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला, पण २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ते देण्याचा आदेश दिला. मूळ आराखड्यानुसार पुन्हा हिशेब केल्यावर बरे झालेल्यांचे प्रमाण एक आकडी उरले आणि गटागटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मूळ संशोधकांनी आपले निष्कर्ष योग्यच असल्याचे म्हटले आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मात्र २००७ साली शिफारस केलेला चढत्या व्यायामाचा उपचार २०२१ साली देऊ नये असे सांगितले.

चूक एकाच बाजूने होते असेही नाही. २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एम.ई.च्या रुग्णांत एक विषाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले. रुग्णांना आशा वाटली. पण इतर प्रयोगशाळांना तो सापडेना. तो प्रयोगशाळेतील भेसळीतून आला होता, असे दिसून आले. २०११ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. आपल्याला हवे ते उत्तर मिळाले तरी ते पुन्हा तपासायचे असते, हा धडा यात आहे.

सुरुवात तापाने

आजार का होतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. बऱ्याच रुग्णांत सुरुवात एखाद्या संसर्गाने होते. ऑस्ट्रेलियात ‘रॉस रिव्हर’ ताप, क्यू ताप आणि ग्रंथिज्वर झालेल्या २५३ जणांचा पाठपुरावा केला गेला. त्याचा निष्कर्ष २००६ साली आला. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी २९ जण, म्हणजे १२ टक्के, आजारीच होते. आधीचे मानसिक विकार किंवा स्वभाव यांवरून हे कोण असतील ते सांगता येत नव्हते. मूळ ताप किती तीव्र होता, यावरून मात्र अंदाज येत होता. रॉस रिव्हरचा विषाणू हा चिकुनगुन्याच्या विषाणूच्या कुळातला आहे. २००६ च्या साथीत महाराष्ट्रात चिकुनगुन्या झालेल्यांना ताप गेल्यावरही महिनोन्महिने सांधे धरल्याचे अनेकांच्या स्मरणात असेल. कोविडनंतर असे रुग्ण जगभर वाढले आणि या विषयाकडे पुन्हा लक्ष गेले. एडिंबरा येथील गटाने ऑगस्ट २०२५ मध्ये पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासाचे प्राथमिक निष्कर्ष मांडले. त्यात जनुकसंचातील आठ ठिकाणी रुग्ण व इतर लोक यांत फरक दिसला. त्यांतील काही जागा प्रतिकारसंस्थेशी, तर काही चेतासंस्थेशी संबंधित आहेत.

येथे एक खुलासा हवा. ‘आजार मनाचा नाही’ असे म्हणताना मनाचे आजार खोटे असतात, असे सुचवायचे नाही. नैराश्यही तितकेच खरे असते आणि दीर्घ आजारात ते जडूही शकते. पण नैराश्यात माणसाची इच्छाच मावळते आणि व्यायामाने बऱ्याचदा बरे वाटते. एम.ई.मध्ये इच्छा असते, शरीर साथ देत नाही आणि श्रमाने प्रकृती ढासळते. निदान चुकले, तर उपचार उलटतो.

शाळेत काय करावे?

तापातून उठलेला एखादा विद्यार्थी सोमवारी वर्गात हसतो-खेळतो आणि मंगळवार-बुधवारी गैरहजर राहतो. शिक्षकांना वाटते, हे सोंग आहे. अशा वेळी हजेरीपट हेच आपले मापनयंत्र समजा. गैरहजेरी क्रीडादिन, परीक्षा, सहल यांच्या पाठोपाठ येते का? दर वेळी एक-दोन दिवसांनीच येते का? पालकांना दोन-तीन आठवड्यांची दैनंदिनी ठेवायला सांगा : कोणते श्रम झाले, त्रास केव्हा सुरू झाला, किती दिवस टिकला. ती डॉक्टरांच्या हाती पडली, तर बरेच काम सोपे होईल. मात्र थकवा दिसला की एम.ई. असे समजू नये. आपल्याकडे रक्तक्षय, क्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार, जीवनसत्त्वांची कमतरता ही कारणे आधी तपासली पाहिजेत.

एम.ई.चे निदान करणारी रक्ततपासणी किंवा तो बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. उपयोगी पडते ती अंथरूण पाहून पाय पसरण्याची रीत : जेवढी शक्ती आहे, त्याच्या आत राहून कामाची वाटणी करणे आणि बरे वाटले म्हणून एका दिवसात सारे उरकण्याचा मोह टाळणे. शाळा अशा मुलाला कवायतीतून सूट देऊ शकते, अर्धा दिवस येऊ देऊ शकते, प्रार्थनेच्या वेळी बसू देऊ शकते, गृहपाठ कमी करू शकते. मुलांत बरे होण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा चांगले असते, पण त्याला बऱ्याचदा काही वर्षे लागतात. त्या काळात शाळेशी नाते तुटू न देणे, हे काम शिक्षकच करू शकतात. त्यासाठी मुलाचे म्हणणे आधी नोंदवावे आणि निष्कर्ष मागाहून काढावा. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना हेच तर शिकवतो.