बुडत्या टोकाची दोरी
बुडत्या टोकाची दोरी : कृत्रिम माशी वापरून गळाने मासे पकडताना जी जाड, लेप दिलेली दोरी फेकतात, तिचा एक प्रकार. हिचा काठीकडील बहुतेक भाग पाण्यावर तरंगतो व पुढील टोकाचा सु. १·५ ते ९ मी. लांबीचा भाग बुडतो. संपूर्ण तरंगती आणि संपूर्ण बुडती या दोन प्रकारांच्या मधली ही दोरी असून वाहत्या पाण्यात मध्यम खोलीवरील मासे पकडण्यासाठी ती वापरतात.

गळाच्या इतर प्रकारांत आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. कोकणात हातदोरीने गरवताना गरीच्या थोडे वर शिसे बांधतात, ते याच कारणासाठी. पिसे, केस व दोरा गळावर गुंडाळून केलेली कृत्रिम माशी मात्र इतकी हलकी असते, की ती स्वतंत्रपणे फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवतात. काठीच्या झोकाने दोरी हवेतून उलगडत जाते आणि माशी तिच्यामागून ओढली जाते. माशीजवळ शिसे बांधल्यास ती खाली जाईल, पण दोरीचा झोक बिघडेल. तेव्हा माशी खोलात न्यावयाची, तर दोरीचेच टोक जड करणे हा सोयीचा मार्ग ठरतो.

पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या विणीत व त्यांना जवसाच्या तेलाचे लेप देत. चरबी चोळली की रेशमी दोरी तरंगे. टोकाचा भाग चरबीवाचून ठेवला की तेवढा भाग पाणी पिऊन हळूहळू बुडे. हेन्री सलिव्हन टॉमस यांनी भारतातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेला द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या रेशमी दोऱ्यांच्या काळातला. मुंबईत पवई तलावावर १९३६ मध्ये हौशी गळकऱ्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हाही प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या प्रचारात आल्या नव्हत्या. त्या १९५० नंतर रूढ झाल्या. तरंगत्या भागाच्या लेपात काचेचे सूक्ष्म पोकळ गोल मिसळतात, तर बुडत्या भागाच्या लेपात टंगस्टनची पूड. पुडीचे प्रमाण वाढविले, की बुडण्याचा वेग वाढतो.

निवड करताना प्रथम दोरीचा क्रमांक पहावा. तरंगत्या व साध्या दोऱ्यांचा क्रमांक पुढील ३० फुटांच्या (सु. ९ मी.) वजनावरून ठरतो. उदा., सहा क्रमांकाच्या दोरीचे हे वजन १६० ग्रेन व आठ क्रमांकाच्या दोरीचे २१० ग्रेन (सु. १३·६ ग्रॅ.) असते. काठीवरही तोच क्रमांक छापलेला असतो. दोरीवरील ‘डब्ल्यूएफ-८-एफ/एस’ या खुणेचा अर्थ पुढे वजन असलेली, आठ क्रमांकाची, तरंगती व टोकास बुडती दोरी असा आहे. भारी टोकाच्या काही दोऱ्यांवर मात्र क्रमांकाऐवजी टोकाचे वजन ग्रेनमध्येच दिलेले असते. ते काठीच्या क्षमतेबाहेरचे असल्यास दोरी उचलताना काठीवर अवाजवी ताण येतो.

खरी अडचण बुडण्याचा वेग ठरविताना येते. वेष्टनावर छापलेला वेग (इंच प्रतिसेकंद) स्थिर पाण्यातील असतो. सेकंदाला ३ इंच, म्हणजे सु. ७·५ सेंमी., वेगाने बुडणारे टोक १·५ मी. खोली गाठण्यास २० सेकंद घेते. तेवढ्या अवधीत सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा प्रवाह त्याला १० मी. पुढे नेतो. दुप्पट वेगाने बुडणारे टोक हीच खोली ५ मी. अंतरात गाठते. प्रत्यक्षात पृष्ठभागावरील प्रवाह तरंगत्या भागाला ओढतो व तो भाग बुडत्या टोकाला वर खेचतो. त्यामुळे हे अंतर आणखी वाढते. म्हणून माशी प्रवाहाच्या वरच्या अंगास फेकतात आणि तरंगता भाग काठीने उचलून पुन्हा वरच्या बाजूस टाकतात. असे उचलणे संपूर्ण बुडत्या दोरीने साधत नाही. बुडत्या टोकाच्या दोरीचे वाहत्या पाण्यातील महत्त्व मुख्यतः यात आहे. उलट खोल, स्थिर तलावात संपूर्ण बुडती दोरीच सरस ठरते.

प्रवाहाचा हा परिणाम खाडीत विशेष जाणवतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या मंडणगड तालुक्याच्या सीमेवरून सावित्री नदी वाहते व बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. भरतीचे पाणी या खाडीतून आत महाडपर्यंत पोचते. येथील मच्छीमारांची परंपरा जाळ्यांची व गरीची आहे. कृत्रिम माशीची नाही. तथापि कोकणच्या खाड्यांत आढळणारा जिताडा (लेट्स कॅल्कॅरिफर) हा मासा ऑस्ट्रेलियात कृत्रिम माशीने पकडतात. तो कांदळवनाच्या मुळांजवळ किंवा खडकांच्या आडोशाला दबा धरून राहतो व प्रवाहाबरोबर येणाऱ्या लहान मासळीवर झडप घालतो. तांबोशीची सवयही बरीचशी अशीच आहे.

अशा ठिकाणी दोरीच्या आधी तिथी पहावी लागते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. भरती-सुकतीचा प्रवाह जोराचा असतो आणि सेकंदाला ५–६ इंच वेगाने बुडणारे टोकच उपयोगी पडते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी मंद असते. तेव्हा तेच टोक तळावर जाऊन कालवांत किंवा मुळांत अडकते व ३ इंची टोक पुरे होते. एकाच दिवशीही पाणी थबकताना व मध्य ओहोटीला लागणारा वेग वेगळा असतो. त्यामुळे सर्व वेळी चालेल अशी एकच दोरी खाडीसाठी सुचविणे व्यर्थ होय. टोके बदलता येतील अशी, फासे असलेली दोरी व निरनिराळ्या वेगांची दोन-तीन टोके जवळ बाळगणे सोयीचे व स्वस्तही पडते.

पाण्याचा खारेपणाही विचारात घ्यावा लागतो. समुद्राच्या पाण्याची घनता सु. १·०२५ असते. १·०५ घनतेची संथ बुडणारी दोरी गोड्या पाण्यात जितकी जड भरते, त्याच्या निम्मीच समुद्रात भरते. टंगस्टनच्या भारी टोकांवर हा परिणाम नगण्य असतो.

टोकाची लांबी काठाजवळच्या उथळ पाण्यात १·५ ते ३ मी. पुरते; अडचणीच्या जागेतून आखूड टोक लवकर उचलता येते. खोल व वेगवान पाण्यात ४·५ मी. किंवा त्याहून लांब टोक घ्यावे. टोक व माशी यांच्यामधील नायलॉनची दोरी मात्र आखूड, सु. १ ते १·५ मी. ठेवावी. नवख्यांची नेहमीची चूक येथेच होते. तरंगत्या दोरीला शोभणारी ३ मी. लांबीची नायलॉन दोरी लावल्यास टोक तळाजवळ जाते, पण माशी मात्र वरच राहते. माशी नेमकी किती खाली गेली, हे ठरविण्यासाठी फेकीनंतर सेकंद मोजतात. तळ लागला की पुढच्या फेकीस दोन-तीन सेकंद आधीच दोरी ओढू लागतात.

थंड प्रदेशांसाठी केलेल्या दोरीचा लेप कोकणातील उन्हात मऊ पडतो व दोरी काठीच्या कड्यांतून सरकेनाशी होते. उष्ण प्रदेशांसाठी कठीण लेपाच्या दोऱ्या मिळतात, त्याच घ्याव्यात. खाडीतील वापरानंतर दोरी गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवितात.

नायलॉनची दोरी मुख्य दोरीपेक्षा कमी ताणाला तुटणारी निवडतात, म्हणजे माशी अडकली तरी महाग दोरी वाचते. तुटलेला तुकडा शक्यतो परत काढावा लागतो, कारण नायलॉन पाण्यात कुजत नाही. बाणकोटजवळच्या वेळास किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात व तेथे २००२ पासून त्यांच्या संरक्षणाचे काम चालते. पाण्यात राहिलेल्या अशा दोऱ्यांत कासवांचे वल्ह्यासारखे पाय गुरफटतात.