एकाच्या बदल्यात हजार

दोन शत्रूंनी कैद्यांची अदलाबदल केली, अशी बातमी अधूनमधून कानावर येते. कुणाचं तरी लेकरू घरी आलं म्हणून आपल्याला बरंही वाटतं. पण अशा वेळी काय काय तोलावं लागतं, ते आज आम्ही एका खऱ्या घटनेवरून सांगतो.

जून २००६ मध्ये गिलाद शालित हा इस्रायलचा १९ वर्षांचा सैनिक गाझाच्या सीमेवर पकडला गेला. तो हमासच्या कैदेत पाच वर्षांहून जास्त काळ होता. रेड क्रॉसलाही त्याला भेटू दिलं नाही. २००९ मध्ये तो जिवंत असल्याची एक छोटी चित्रफीत मिळाली. तेवढ्यासाठी इस्रायलने २० पॅलेस्टिनी महिला कैदी सोडायचं मान्य केलं होतं. त्याचे आईवडील जेरुसलेममध्ये पंतप्रधानांच्या घराजवळ तंबू टाकून बसले. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये तो सुटला, १०२७ कैद्यांच्या बदल्यात.

आता त्या १०२७ जणांकडे बघूया. त्यांतले काही हत्येच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होते. ज्यांची माणसं त्या हल्ल्यांत गेली होती, ती कुटुंबं कोर्टात गेली. आमच्या न्यायाचं काय, हा त्यांचा सवाल होता. कोर्टाने अदलाबदल थांबवली नाही.

पण सगळेच काही खुनी नव्हते. छोट्या गुन्ह्यांतलेही पुष्कळ होते. त्यांच्याही आया वर्षानुवर्षं वाट बघत होत्या. काहींना तर सुटल्यावरही आपल्या गावी जाता आलं नाही. त्यांना गाझात किंवा परदेशात धाडलं. शिवाय एकाला हजार हा हिशेब तरी कसा? एका बाजूचा जीव मोलाचा आणि दुसऱ्या बाजूचा स्वस्त, असं तर होत नाही ना?

तिसरी गोष्ट उद्याची. सुटलेल्यांत याह्या सिनवार होता. पुढे तो गाझात हमासचा प्रमुख झाला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यामागचा सूत्रधार तोच मानला जातो. त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंचे जीव गेले. २०११ मध्ये या माणसांसाठी कुणी तंबू टाकला नव्हता. टाकणार कसा? आपण त्यात मरणार, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

हा पेच जुनाच आहे. बंदिवानाला सोडवणं ज्यू धर्मात फार मोठं पुण्य मानतात. तरी सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या त्यांच्या धर्मनियमांत म्हटलंय, की त्यासाठी वाजवीपेक्षा जास्त मोल देऊ नये. त्याचं एक कारण असं सांगतात, की तसं केलं तर पकडणाऱ्यांना चटक लागेल. जिनिव्हा करारानुसार लढाई संपली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडायचं असतं आणि गंभीर जखमींना तर लढाई चालू असतानाच. तिथं सौदा नाही. पण हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला तरच उपयोग.

मग करावं काय? आम्हाला वाटतं, आईने लेकरू मागावंच. तिला हिशेब शिकवू नये. पण सरकारने हिशेब टाळू नये. किती द्यायचं आणि कुणाला सोडायचं नाही, याची मर्यादा मन शांत असताना ठरवावी. इस्रायलने त्यासाठी २००८ मध्ये समिती नेमली होती. तिचा अहवाल आला जानेवारी २०१२ मध्ये, गिलाद घरी पोचल्यावर.

मैत्रिणींनो, तुम्ही त्या जागी असता तर काय ठरवलं असतं? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत बोला, आणि आम्हालाही कळवा.