लिस्बनची वही, स्विंडनचा पत्ता

राष्ट्रांची मोट : लेखांक ११

युरोपीय युनियनच्या मंत्रिपरिषदेतलं मतांचं गणित आज सोडवून दाखवतो, असं गेल्या वेळी कबूल केलं होतं. ते आठवडाभर थांबेल. मडगावहून एक पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. पत्र लिहिणाऱ्या बाईंचा मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. जन्म सासष्टीतला, शाळा-कॉलेज मडगावात, पोर्तुगीजशी संबंध आजोबांच्या शिव्यांपुरता. लिस्बनला त्याने आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तरी पासपोर्ट पोर्तुगालचा, आणि त्याच्याच जोरावर ब्रेक्झिटच्या काही वर्षं आधी तो इंग्लंडात नोकरीला लागला. बाई विचारतात, ‘पोर्तुगालने त्याला आपलं म्हटलं, ते एक वेळ समजलं. पण इंग्लंडने ते का ऐकून घेतलं? आणि आता त्याला कुठला म्हणायचं?’

युरोपातल्या देशांनी काय काय सोडलं ते मी इतके आठवडे सांगत आलो. स्वतःचं चलन, सीमेवरचे नाके, परदेशी मालावरची जकात ठरवायचा हक्क. बाईंनी बोट ठेवलं आहे ते न सोडलेल्या गोष्टीवर. आपला कोण आणि परका कोण, हे ठरवायचा अधिकार एकाही देशाने ब्रसेल्सच्या हवाली केलेला नाही. आणि तो हवाली केला नाही म्हणूनच सासष्टीतला मुलगा स्विंडनला पोचला.

आधी गोव्याची बाजू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी भारत सरकारने आदेश काढून तिथल्या रहिवाशांना भारतीय नागरिक केलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला हे मान्य नव्हतं. पोर्तुगालच्या लेखी गोवा हा समुद्रापारचा प्रांत होता आणि गोवेकर पोर्तुगीज नागरिक. १९७४च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. भूमी भारताची झाली हे लिहून दिलं. माणसं मात्र आपल्या वहीतून खोडली नाहीत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस आपला, आणि त्याच्या मुलाबाळांनाही वाट मोकळी, असं पोर्तुगाल म्हणत राहिलं. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद त्यात नाही.

त्या काळी या नोंदीला फारशी किंमत नव्हती. पोर्तुगीज माणूसच तेव्हा पोटासाठी फ्रान्स-जर्मनीची वाट धरत होता. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायात शिरलं, आणि काही वर्षांच्या संक्रमणकाळानंतर पोर्तुगीज कामगाराला सगळ्या समुदायात मोकळेपणी काम करता येऊ लागलं. गोव्यासाठी कुणी काही वेगळं केलं नव्हतं, पण वहीतल्या जुन्या ओळीचा भाव आभाळाला भिडला. मग जुने जन्मदाखले शोधणं आलं, एका कागदावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरं म्हणून प्रतिज्ञापत्रं करणं आलं. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आधी आजोबांचा जन्म नोंदवायचा, मग वडिलांचा, मग आपला. त्यानंतर ओळखपत्र आणि शेवटी पासपोर्ट. गोव्यात हे सगळं जमवून देणाऱ्या एजंटांचा एक धंदाच उभा राहिला.

आता इंग्लंडने का ऐकलं? याचं उत्तर एका दंतवैद्याच्या खटल्यात आहे. हा निकाल माझ्या फार आवडीचा. इतका छोटा निकाल इतकं मोठं काम करताना मी दुसरा पाहिलेला नाही. अर्जेंटिनातला एक इटालियन वंशाचा दंतवैद्य स्पेनमध्ये व्यवसाय करायला आला. त्याच्याकडे दोन नागरिकत्वं होती, अर्जेंटिनाचं आणि इटलीचं. स्पेनचे अधिकारी म्हणाले, आमच्या कायद्यानुसार तू इथे येण्याआधी जिथे राहत होतास तिथला. म्हणजे तू आमच्यासाठी अर्जेंटिनाचा. प्रकरण लक्झेंबर्गला, समुदायाच्या न्यायालयात गेलं. जुलै १९९२ मध्ये न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. नागरिकत्व कुणाला द्यायचं हे ज्या त्या देशाने ठरवावं, मात्र समुदायाच्या कायद्याचं भान ठेवून. आणि एकदा एका देशाने ते दिलं, की दुसऱ्याने त्यावर स्वतःच्या अटी लादायच्या नाहीत. ‘तू इटलीत कधी राहिलास?’ हा प्रश्न स्पेनला विचारता येत नाही. तसाच ‘तू लिस्बन पाहिलं आहेस का?’ हा प्रश्न इंग्लंडलाही विचारता येत नव्हता.

हे समजायला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. चौक एकच, बिऱ्हाडं अनेक, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार. कुणाला आत घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण आत आलेला माणूस चौकात मोकळा फिरणार.

त्याच १९९२ सालच्या फेब्रुवारीत समुदायातून युरोपीय युनियन घडवणाऱ्या मास्ट्रिख्टच्या करारावर सह्या झाल्या होत्या आणि त्यात ‘युनियनचं नागरिकत्व’ प्रथमच आलं. कुठेही राहण्याचा हक्क, जिथे राहाल तिथे पालिकेला आणि युरोपीय संसदेला मत, आपल्या देशाची वकिलात नसेल तिथे दुसऱ्या सदस्य देशाच्या वकिलातीकडे दाद. डेन्मार्कच्या लोकांना यात काळंबेरं दिसलं. जूनमधल्या सार्वमतात त्यांनी करार फेटाळला. आपलं डॅनिशपण वितळून जाईल, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. डिसेंबरमध्ये एडिंबरोला सगळे नेते जमले आणि त्यांनी लिहून दिलं, की कोण कुठल्या देशाचा हे केवळ त्या देशाचा कायदा ठरवील. पुढच्या मे महिन्यात डेन्मार्कने होकार दिला. नंतरच्या करारांतही हे नागरिकत्व देशाच्या नागरिकत्वावर जादा आहे, त्याच्या जागी नाही, असं स्पष्ट केलं गेलं. थेट युरोपचा नागरिक होता येत नाही. वाट कुठल्या तरी देशातूनच जाते.

प्रत्येक देशाने आपली वाट आपल्या जखमांवरून आणि आठवणींवरून आखली आहे. हंगेरीने २०१० मध्ये कायदा बदलून सर्बिया, युक्रेन, रुमेनियातल्या हंगेरियन वंशाच्या लोकांना नागरिकत्व सोपं केलं. पहिल्या महायुद्धानंतर तोडलेल्या मुलखाचं दुःख त्यामागे आहे. रुमेनियाने मोल्डोव्हातल्या लोकांना परतीचा रस्ता दिला. स्पेन आणि पोर्तुगालने पंधराव्या शतकाच्या अखेरीस छळलेल्या, हाकललेल्या सेफार्डी ज्यूंच्या वंशजांसाठी कायदे केले. इटली तर पणजोबा इटालियन असला तरी चालवून घेत होती. २०२५ मध्ये मात्र तिने हे सैल सूत्र आवळून मुख्यतः आई-वडील आणि आजी-आजोबांपाशी आणून ठेवलं.

या लेखमालेत मला सांगायचं आहे त्यातला मोठा भाग इथेच येतो. एकत्र येताना देश दुसऱ्याचं चलन घेतात, दुसऱ्याच्या मताने झालेले कायदे पाळतात, हे डोळ्यांना दिसतं. दुसऱ्याचा इतिहासही पदरात पडतो, हे उशिरा कळतं. सालाझारने गोवा गेल्याचं मान्य केलं नाही, त्याचा परिणाम विल्टशरमधल्या स्विंडन या रेल्वेच्या गावावर झाला. तिथल्या माणसाला सालाझार कोण हेही ठाऊक नसेल.

ब्रिटनने स्वतःच्या साम्राज्याचं काय केलं, ते याच्या शेजारी ठेवून पाहा. केनियात जन्मलेल्या, मूळच्या आपल्याकडच्या एका बाईचा खटला २००१ मध्ये लक्झेंबर्गला निकाली निघाला. तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, पण ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ जातीचा, म्हणजे ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नसलेला. ब्रिटनने समुदायात शिरतानाच, आमच्यापैकी कोणाकोणाला समुदायाच्या कामापुरतं ब्रिटिश धरायचं, याचं निवेदन करून ठेवलं होतं आणि साम्राज्यातले असे लोक त्यातून वगळले होते. न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. परिणाम असा, की ब्रिटनच्या जुन्या वसाहतीतली ब्रिटिश बाई ब्रिटनला नको होती आणि पोर्तुगालच्या जुन्या वसाहतीतला पोर्तुगीज मुलगा ब्रिटनला घ्यावाच लागत होता.

स्वतःचं दार हातात ठेवूनही शेजाऱ्यांकडे पाहावं लागतं, याचा धडा आयर्लंडने घेतला. त्या बेटावर जन्मेल तो आयरिश, असा हक्क १९९८च्या शांतता करारानंतर घटनेतच आला होता. ब्रिटनकडे असलेलं उत्तर आयर्लंडही त्या बेटात येतं, म्हणून वेल्समध्ये राहणाऱ्या एका चिनी बाईने बेलफास्टला जाऊन मुलीला जन्म दिला. मुलगी जन्मतः आयरिश झाली, म्हणजे युरोपची नागरिक झाली. तिला ब्रिटनमध्ये राहायचा हक्क, आणि तान्ह्या बाळाला आईवाचून कसं राहता येणार म्हणून आईलाही, असा निकाल २००४च्या ऑक्टोबरमध्ये आला. पण निकालाआधी न्यायालयाला सल्ला देणाऱ्या महाअधिवक्त्याचं मत मे महिन्यातच त्या बाजूने पडलं होतं. जूनमध्ये आयर्लंडने सार्वमत घेतलं आणि ७९ टक्के मतांनी केवळ जन्मामुळे मिळणारा हक्क घटनेतून काढला. कुणी सक्ती केली नव्हती. आपला कायदा आता आपल्यापुरता उरला नाही, हे मात्र त्या वादात सरकारनेही मांडलं.

अलीकडचं प्रकरण माल्टाचं. साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश २०१४ पासून पैसे घेऊन नागरिकत्व देत होता. नंतरच्या योजनेत सहा ते साडेसात लाख युरो सरकारजमा करायचे, शिवाय घर आणि देणगी वेगळी. गिऱ्हाईकाला माल्टात राहायचं नव्हतंच. त्याला माल्टामागचा युरोप हवा होता. युरोपीय आयोगाने खटला भरला. महाअधिवक्त्याचं मत माल्टाच्या बाजूने होतं, तरी २९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल उलटा दिला. नागरिकत्व म्हणजे देश आणि माणूस यांच्यातलं निष्ठेचं, एकजुटीचं नातं. त्याचा सौदा करता येणार नाही, कारण त्याचे परिणाम बाकी सगळ्यांना भोगावे लागतात. १९९२च्या निकालातलं ‘भान ठेवून’ हे शेपूट तेहतीस वर्षांनी असं वळवळलं. आजी-आजोबांच्या दाखल्यावर मिळणाऱ्या पासपोर्टला याने धक्का लागलेला नाही. पण देश आणि माणूस यांत ‘नातं’ असलं पाहिजे हे एकदा लक्झेंबर्गने ठरवायला घेतलं, की एडिंबरोचा कागद पहिल्याइतका भक्कम राहिला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता मावसभावाकडे वळू. २३ जून २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात कोणाला मत होतं? ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुलातले नागरिक. भारत राष्ट्रकुलात आहे, पोर्तुगाल नाही. म्हणजे स्विंडनमध्ये भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहणाऱ्या गोवेकराला मत होतं, आणि त्याच गल्लीतल्या पोर्तुगीज पासपोर्टच्या गोवेकराला, ज्याचं सगळं पणाला लागलेलं, त्याला नव्हतं. स्विंडनने बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रसेल्सच्या मध्यरात्री ब्रिटन बाहेर पडलं आणि सगळ्या ब्रिटिशांचं युरोपीय नागरिकत्व एका ठोक्यात गेलं. फ्रान्समध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश बाईने त्याविरुद्ध दाद मागितली. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, देश गेला की हेही गेलं. मावसभावाचा इंग्रज शेजारी त्या रात्री युरोपीय राहिला नाही. मावसभाऊ राहिला. बाईंच्या पत्रावरून दिसतं, की त्याने मुदतीत अर्ज करून स्विंडनला राहायचा हक्कही पक्का केला आहे.

किंमत त्याने इकडे मोजली. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं, की आपणहून परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. लिस्बनला जन्म नोंदवणं म्हणजे नागरिकत्व ‘घेणं’ की असलेलं नोंदवणं, यावरून गोव्यात कज्जे चालले, लोकप्रतिनिधींच्या नागरिकत्वापर्यंत वाद गेले. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या ओसीआय कार्डावर त्याला येता-जाता येतं, हवं तितकं राहता येतं. पण मडगावात मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि त्याला जे मत आहे ते पोर्तुगालच्या संसदेसाठी. तिथे २३० पैकी चार जागा परदेशस्थांच्या, त्यातल्या दोन युरोपातल्यांच्या. ज्या देशात तो कधी गेला नाही, त्याचं सरकार ठरवण्यात त्याचा वाटा आहे.

उलट्या टोकाचं उदाहरण आंतोनियो कॉस्ता. १९६१ मध्ये लिस्बनला जन्मलेले, वडील ओर्लांदो द कॉस्ता गोव्यात वाढलेले लेखक, मडगावात घराण्याचं घर, घरचं नाव बाबुश. पोर्तुगालचे आठ वर्षं पंतप्रधान, आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. २०१७ मध्ये भारताने त्यांनाही ओसीआय कार्ड दिलं. म्हणजे भारताच्या हिशेबात युरोपच्या सर्वोच्च बैठकीचा अध्यक्ष आणि स्विंडनचा मावसभाऊ एकाच रकान्यात बसतात.

तर बाई, त्याला कुठला म्हणायचं? कागदाने तो पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगीज आहे म्हणून युरोपीय. कर आणि भाडं तो ब्रिटनमध्ये भरतो. आणि भांडण, लग्न, फेस्त यांसाठी तो सासष्टीचाच असणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. युरोपने नवी ओळख घडवली असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. त्याने जुन्या ओळखी पुसल्या नाहीत; त्यांना हक्क जोडून दिले, आणि ते हक्क कुणाला मिळणार हे जुन्या वह्यांवर सोडलं.

पुढच्या आठवड्यात मतांचं गणित, आणि त्यात आज भेटलेलाच माल्टा असेल. पंचेचाळीस कोटींच्या चौकात माणूस आणून सोडायची ताकद असलेला हा देश मंत्रिपरिषदेत देशांच्या मोजणीत जर्मनीच्या बरोबरीने एक धरला जातो, आणि लोकसंख्येच्या मोजणीत जवळजवळ शून्य. दोन्ही मोजण्या एकाच मतदानात कशा लागतात, ते कागद-पेन्सिल घेऊन बसा, म्हणजे पाहू.