काउन्सिलच्या दप्तरी वार्धक्य

इंग्लंडमधील एखाद्या गावी एकट्या राहणाऱ्या वृद्धेस अंघोळ कोणी घालावयाची, या वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नात त्या देशाच्या पाऊण शतकाच्या राज्यकारभाराचे सार साठलेले आहे. औषधोपचाराचा भाग म्हणून परिचारिकेने घातलेली अंघोळ राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या खाती पडते व तिच्यापायी वृद्धेस दमडीही मोजावी लागत नाही. परंतु केवळ हातपाय चालत नाहीत म्हणून तीच अंघोळ घालण्याची वेळ आली, तर ती स्थानिक काउन्सिलच्या समाजसेवेत मोडते, आणि मग त्या बाईच्या ऐपतीची तपासणी होऊन आकार किती घ्यावयाचा ते ठरते.

हा भेद निसर्गाने केलेला नाही, कायद्याने केलेला आहे. 1601 च्या एलिझाबेथकालीन कायद्याने निराधारांचा भार पॅरिशवर, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीवर, टाकला, आणि त्याच कायद्याने ऐपतदार मुलांवर दरिद्री आईबापांच्या पोषणाचे बंधन घातले. 1834 च्या दुरुस्तीने या व्यवस्थेला वर्कहाऊसची, म्हणजे निराधारांना ठेवून कामास जुंपणाऱ्या आश्रयगृहांची, करडी शिस्त लावली. आणि 1929 च्या कायद्याने हे काम पाहणारी पालक-मंडळे मोडीत काढून त्यांच्या इमारती, दवाखाने व आश्रित अशा सर्व पसाऱ्यासह ती जबाबदारी काउंटी व बरो काउन्सिलांच्या हवाली केली. मग 5 जुलै 1948 रोजी दोन कायदे एकाच दिवशी अमलात आले. एकाने रुग्णालये सरकारजमा करून आजाऱ्यास उपचार विनामूल्य केले. दुसऱ्याने जुना दरिद्रनिवारण कायदा रद्द केला खरा, परंतु वृद्ध व अशक्तांच्या निवासाचे काम काउन्सिलांकडेच ठेवले आणि त्याचे मूल्य घेण्याची तरतूदही केली. या दुसऱ्या कायद्याने मुलांची आईबापांविषयीची कायदेशीर जबाबदारीही संपुष्टात आणली. आपल्याकडे तीच जबाबदारी 2007 साली स्वतंत्र कायदा करून अपत्यांवर अधिक कडक रीतीने घालण्यात आली, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही समाज परस्परविरुद्ध दिशांनी चालले असे म्हणावे लागते. कोणती दिशा अधिक शहाणपणाची, हा निकाल इतक्यात देण्याची घाई मला करवत नाही.

त्या काळी आरोग्य मंत्रालयाची कल्पना मोठी उदार होती. वृद्धाने निवासात आश्रित म्हणून नव्हे, हॉटेलातील पाहुण्याप्रमाणे राहावे, सव्वीस शिलिंगांच्या पेन्शनमधून एकवीस भाड्यापोटी द्यावे आणि उरलेले पाच खुशाल आपल्या चैनीला ठेवावे! प्रत्यक्षात पैसा व बांधकामसाहित्य दोहोंचा तुटवडा असल्यामुळे काउन्सिलांनी जुन्या वर्कहाऊसांनाच रंगसफेदी केली. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी 173 निवास हिंडून पाहिले आणि 1962 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या जुन्या भिंतींच्या आतील एकाकी, निरुद्योगी आयुष्याचे जे दर्शन घडविले, त्याने सुशिक्षित इंग्रजांची झोप मोडली.

आज या कामाचा पाया 2014 चा केअर ॲक्ट हा आहे. काउन्सिलचा समाजसेवक घरी येतो आणि खाणेपिणे, स्वच्छता, शौच, कपडे, घरातील सुरक्षित वावर, माणसांशी संबंध अशा दहा बाबींपैकी किमान दोन बाबी शारीरिक वा मानसिक व्याधीमुळे साधत नाहीत व त्याचा परिणाम जीवनस्वास्थ्यावर लक्षणीय होतो, असे आढळल्यास गरज मान्य करतो. शुश्रूषा करणाऱ्या पत्नीच्या वा मुलीच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करणेही याच कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत सहृदय भाग. पण गरज मान्य झाली म्हणजे खर्च मान्य झाला असे नव्हे. 23,250 पौंडांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याने आपला सर्व खर्च सोसावा, 14,250 च्या आत असणाऱ्याची मालमत्ता हिशेबात धरू नये, अशी मर्यादा 2010 पासून महागाईकडे पाठ फिरवून जागच्या जागी उभी आहे. शुश्रूषा घरीच मिळत असेल तर घर या हिशेबात येत नाही. कायमचे निवासात जावे लागले आणि मागे जोडीदार राहत नसेल, तर मात्र येते. आयुष्यभर हप्ते फेडून मिळविलेले घर स्मृतिभ्रंशापायी विकावे लागते व कर्करोगापायी विकावे लागत नाही, ही तक्रार तेथे घरोघर ऐकू येते, ती यामुळेच.

काउन्सिलांकडील दुसऱ्या कामाचा, सार्वजनिक आरोग्याचा, प्रवास याहून विलक्षण आहे. लिव्हरपूलने 1847 साली डॉ. डंकन यांस देशातील पहिला आरोग्याधिकारी नेमले, तेव्हापासून सव्वाशे वर्षे हे खाते नगरसंस्थांचेच होते. 1974 साली ते आरोग्यसेवेकडे गेले आणि 1 एप्रिल 2013 रोजी पुन्हा काउन्सिलांच्या पदरी आले. धूम्रपानमुक्ती, व्यसनोपचार, गुप्तरोगांचे दवाखाने, अर्भकांच्या घरी जाणाऱ्या आरोग्यसेविका, चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या नागरिकांची पाच वर्षांनी होणारी तपासणी, ही कामे आता काउन्सिलच्या आरोग्य-संचालकाच्या अखत्यारीत चालतात. घरांची ओल, रस्ते, उद्याने आणि शाळा ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती आरोग्य असावे, हा विचार निर्विवाद योग्य होता. दुर्दैव इतकेच की जबाबदारी परत देणाऱ्या सरकारने थोड्याच वर्षांत या कामासाठीच्या अनुदानाला कात्री लावली.

आणि गाडे अखेर पैशाशीच येऊन अडते. 2016 पासून काउन्सिलांना शुश्रूषेसाठी मालमत्ताकरावर जादा आकारणीची मुभा मिळाली, पण तो कर 1991 च्या घरकिमतींवर बेतलेला असल्यामुळे जेथे घरे स्वस्त व वृद्ध निर्धन, तेथे तीच टक्केवारी तुटपुंजी रक्कम आणते, आणि श्रीमंत काउंटीत, जेथे बहुतेक वृद्ध आपला खर्च आपणच करतात, ती भरघोस उत्पन्न देते. दीर्घकालीन शुश्रूषेवरील 1999 च्या रॉयल कमिशनने वैयक्तिक शुश्रूषा विनामूल्य करावी असे सुचविले. स्कॉटलंडने ते 2002 मध्ये पासष्टीपुढील वृद्धांसाठी मानले, इंग्लंडने नाकारले. 2011 च्या डिल्नॉट आयोगाने आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घालण्यास सांगितले. ती कायद्यात आली, दोनदा पुढे ढकलली गेली आणि जुलै 2024 मध्ये रद्द झाली. 2025 साली लॉर्ड्स सभागृहाच्या सदस्य लुईस केसी यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग बसला असून त्याचा अंतिम अहवाल 2028 पर्यंत यावयाचा आहे.