आकाशातील खून, भूमीवरील आश्रय

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ९ जुलै २०२५ रोजी एका जुन्या खुनाची जबाबदारी निश्चित केली. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियन एअरलाइन्सचे एम.एच. १७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनच्या आकाशात क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील २९८ माणसे मरण पावली, त्याचे उत्तरदायित्व रशियाचे आहे, असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले. हे सांगावयास अकरा वर्षे लागली. नेदरलँड्समधील न्यायालयाने २०२२ च्या नोव्हेंबरात तिघांना जन्मठेप फर्माविली होती खरी, परंतु त्या तिघांपैकी एकही न्यायासनासमोर उभा नव्हता, आणि आजही नाही. रशियाने दोन्ही निकाल सारखेच झिडकारले. निकालपत्र मृतांच्या आप्तांच्या हाती पडले. अपराधी मात्र या न्यायाच्या हाती लागलेच नाहीत.

ही कथा जगाला नवी नाही, आणि आम्हां मराठी माणसांना तर ती मुळीच नवी असू नये. सत्तर वर्षांपूर्वी मुंबईच्याच एका विमानावर हा प्रसंग गुदरला होता. त्या वेळी आकाशात जे घडले ते जितके दारुण होते, तितकेच भूमीवर नंतर जे घडले तेही होते. जुन्या पिढीला ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे नाव स्मरत असेल; नव्या पिढीने ते बहुधा ऐकलेलेही नसेल.

एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ताफ्यातील हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान. बांडुंग येथे भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी परिषदेसाठी चीनच्या सरकारने ते भाड्याने घेतले होते. ११ एप्रिल १९५५ रोजी ते हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर उतरले, तेथे त्यात इंधन भरण्यात आले आणि परिषदेस निघालेले अकरा प्रवासी घेऊन ते जाकार्ताच्या दिशेने उडाले. प्रवाशांत चिनी शिष्टमंडळातील कर्मचारी होते, वार्ताहर होते, उत्तर व्हिएतनामचा एक अधिकारी होता आणि दोन युरोपीय पत्रकारही होते. विमान चालविणारे आठ जण आपले होते. कॅप्टन डी. के. जटार हे वैमानिक, एम. सी. दीक्षित हे सहवैमानिक, जे. सी. पाठक हे मार्गदर्शक, अनंत श्रीधर कर्णिक हे देखभाल अभियंता आणि ग्लोरिया बेरी ही हवाई सुंदरी, ही त्यांतील काही नावे होत. या नावांत मुंबई-पुण्याकडच्या मध्यमवर्गीय घरांचा परिचय कोणासही सहज पटावा.

सुमारे अठरा हजार फूट उंचीवर, खाली दक्षिण चिनी समुद्र पसरलेला असताना, एक दबका स्फोट ऐकू आला. उजव्या पंखाला आग लागली. धूर आत शिरला. जटारांनी पेटलेल्या बाजूचे इंजिन बंद केले, विमान समुद्रावर उतरविण्यासाठी खाली आणावयास सुरुवात केली, आणि नातुना बेटांजवळील आपले स्थान सांगणारे संकटसंदेश पाठविले. त्यानंतर बिनतारी यंत्र मुके झाले. या थोड्याशा मिनिटांत प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे वाटण्यात आली आणि संकटकाळचे दरवाजे उघडण्यात आले. मृत्यू समोर दिसत असताना दुसऱ्याच्या गळ्यात जाकीट घालण्यास जे काळीज लागते, ते शिक्षणाने येत नाही आणि पगारानेही येत नाही. विमानाचा पंख पाण्यावर आपटला आणि विमान फुटले. एकोणीस जणांपैकी सोळा जण गेले. त्यांत सर्वच्या सर्व अकरा प्रवासी होते, जटार होते, बेरी होती. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे तेवढे त्या समुद्रातून पोहून जिवंत बाहेर आले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले. जटार व त्यांच्या सहकाऱ्यांच्या शौर्याचा गौरव भारत सरकारने अशोकचक्र मालिकेतील पदके देऊन केला. सैनिकांच्या छातीवर शोभणारा तो सन्मान नागरी विमान चालविणाऱ्यांच्या वाट्याला आला, याचे आम्हांला आजही अप्रूप वाटते.

परंतु पदक हा न्याय नव्हे. समुद्राच्या तळातून काढलेल्या अवशेषांत घड्याळी यंत्रणेचे तुकडे सापडले, आणि २६ मे १९५५ रोजी इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने जाहीर केले की उजव्या चाकांच्या कप्प्यात कालबाँब ठेवण्यात आला होता. तो कोठे ठेवला गेला, याचा शोध हाँगकाँगच्या पोलिसांनी लावला. विमानतळावर विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीत झाडलोटीचे काम करणारा चौ त्से-मिंग नावाचा इसम कुओमिंतांगच्या हेरांनी सहा लक्ष हाँगकाँग डॉलरांच्या आमिषाने फितविला होता. त्याच्या नावे खुनाच्या कटाचे वॉरंट निघाले. पण ते निघण्यापूर्वीच, १८ मे रोजी, हा इसम एका विमानातून तैवानला पसार झाला होता. विमान पाडणारा विमानात बसूनच निसटला! ब्रिटिशांनी त्याची मागणी केली. तैपेईने ती साफ नाकारली. हाँगकाँगमधील कुओमिंतांगच्या अनेक हस्तकांना पुढे हद्दपार करण्यात आले, परंतु सोळा खुनांबद्दल एकाही माणसाला एका दिवसाचीही शिक्षा झाली नाही. या कटाच्या पाठीशी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा हात होता, असा आरोप चीनने तेव्हाच केला. १९७१ मध्ये किसिंजर पेकिंगला गेले असता चौ एन लाय यांनी त्यांच्यापुढे हा विषय काढल्याची नोंद आहे; किसिंजरांनी तो हसण्यावारी नेला.

हे सर्व कारस्थान होते ते चौ एन लाय यांच्यासाठी. ते या विमानाने जाणार असा कटवाल्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते त्यानंतर तीन दिवसांनी निघाले आणि रंगूनवरून गेले. येथे या प्रकरणातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. चीनला कटाची कुणकुण अगोदर लागली होती. आदल्या दिवशी, १० एप्रिलला, पेकिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला तसा इशारा देण्यात आला होता. मग ते विमान उडू का दिले? स्टीव्ह त्सांग या इतिहासकाराने ब्रिटिश व चिनी साधनांच्या आधारे १९९४ मध्ये असे प्रतिपादन केले की चौ यांना धोका ठाऊक होता, त्यांनी स्वतःचा बेत बदलला आणि कनिष्ठ सहकाऱ्यांना मात्र जाऊ दिले. या प्रतिपादनावर वाद होऊ शकतो. रंगूनला जाण्याचे निमंत्रण चौ यांना होते आणि त्याच सुमारास त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रियाही झाली होती, हेही खरे. तथापि एवढे निर्विवाद आहे की, पेकिंगने इशारा दिला व आपले कर्तव्य संपले असे मानले. हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांनी पहारा ठेवला व आपले कर्तव्य संपले असे मानले. आणि त्या पहाऱ्यातूनच एक झाडूवाला चाकांच्या कप्प्यापर्यंत पोहोचला. बाँब लपविणाऱ्याचा अपराध याने तिळभरही कमी होत नाही. परंतु दोन सरकारांच्या या सावध पत्रव्यवहाराची किंमत जटारांनी व बेरीने मोजली, असे म्हणावयास काय हरकत आहे?

राजकारणाच्या दृष्टीने पाहिले तर कट सर्वस्वी फसला. १८ एप्रिलला परिषद ठरल्याप्रमाणे भरली, एकोणतीस राष्ट्रे आली, आणि ज्याला मारावयाचे होते त्याच चौ एन लाय यांनी तेथे इतका समंजस सूर लावला की, अमेरिकेशी बोलणी करण्याची तयारी त्यांनी २३ एप्रिलला जाहीर केली. तैवानच्या सामुद्रधुनीतील ताण त्याने बराच सैल झाला. भारताच्या वतीने तपासासाठी धाडलेले अधिकारी होते रामेश्वरनाथ काव. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉ’ या संस्थेचे ते पहिले प्रमुख झाले. त्यांच्या कामावर चौ प्रसन्न होते असे सांगतात. त्या प्रसन्नतेचे पुढे काय झाले, हे १९६२ साली आम्ही सर्वांनी पाहिले. पेकिंगच्या बाबाओशान स्मशानभूमीत त्या विमानातील मृतांचे स्मारक उभे आहे. तैवानने आश्रय दिलेला माणूस मात्र कोणत्याच न्यायालयाने कधी पाहिला नाही.

दुसऱ्या राष्ट्राने आश्रय दिल्यामुळेच गुन्हेगार सुटतो, असे मात्र समजू नये. स्वतःच्या देशातही तो सुटतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबने फुटले. माँट्रियलहून लंडन, दिल्ली असा प्रवास करीत ते मुंबईस यावयाचे होते. ३२९ माणसे गेली. कॅनडात खटला चालला, वीस वर्षांनी दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले आणि बाँब बनविणाऱ्या एकट्या माणसाला शिक्षा झाली. २०१० च्या चौकशी अहवालाने कॅनडाच्या यंत्रणांच्या चुकांची मालिकाच उघड केली आणि त्या देशाच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडून २९० जणांचे प्राण घेतले. १९९६ मध्ये नुकसानभरपाई देण्यात आली, पण कायदेशीर जबाबदारी मान्य केली गेली नाही. त्या नौकेच्या कप्तानाला नंतर त्याच्या सेवाकाळाबद्दल पदकही मिळाले. पदके दोन्हीकडे वाटली जातात, वाचकहो!

या काळ्या इतिहासात एक प्रसंग निराळा आहे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्ध चालू असताना, गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे छोटे विमान कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. पंचायतराज्याचे ते शिल्पकार, पत्नी व सहकारी यांसह आठ जण त्यात मरण पावले. ते विमान नागरी आहे असे आपण भूमीवरील नियंत्रणाला कळविले होते, तरीही पाडण्याचा हुकूम आला, असे ते पाडणारे वैमानिक कैस हुसेन यांनी पुढे सांगितले. २०११ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी, त्यांनी मृत भारतीय वैमानिकाच्या कन्येला पत्र लिहून दुःख व्यक्त केले, आणि तिनेही त्याला उदार उत्तर दिले. कोणत्याही सरकारने न लिहिलेले पत्र एका म्हाताऱ्या माणसाने लिहिले.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, युक्रेन कोठे आणि आपण कोठे? हिंगोली जिल्ह्यात तर विमानतळसुद्धा नाही. वसमतच्या हळदीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला विमान दिसते ते रात्रीच्या आकाशातून सरकणाऱ्या एका दिव्यासारखे. परंतु एम.एच. १७ चे अवशेष पडले ते अशाच शेतांत, सूर्यफुलांच्या पिकात. ज्यांनी ती माणसे आपल्या बांधावर पडलेली पाहिली, त्यांनीही कधी विमानाची पायरी चढली नसेल. शिवाय आज हिंगोलीतील, परभणीतील, नांदेडातील किती घरांतील मुले शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने त्या दिव्यांमधून प्रवास करीत असतात! त्या १७ जुलैला एअर इंडियाचेही एक विमान त्याच आकाशात, एम.एच. १७ पासून फार दूर नव्हते. क्षेपणास्त्राने निवड केली नव्हती. विमान निवडले ते योगायोगाने.

कायदे नाहीत असे नव्हे. १९७१ च्या माँट्रियल करारान्वये विमानाचा घात करणाऱ्याला एकतर मागणाऱ्या राष्ट्राच्या स्वाधीन करावे, नाहीतर त्याच्यावर आपल्या येथे खटला चालविण्यासाठी प्रकरण पुढे न्यावे, हे बंधन आहे. १९८३ मध्ये सोविएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ माणसे मारली, तेव्हा पुढच्याच वर्षी शिकागो कराराला नवे कलम जोडण्यात आले आणि उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालविण्यापासून प्रत्येक राष्ट्राने दूर राहावे, असे ठरले. त्यानंतरही ‘व्हिन्सेन्स’ घडले, एम.एच. १७ घडले, ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचे विमान पाडून १७६ बळी घेण्यात आले.

आमच्या मते भारताने येथे निव्वळ शोकसंदेशावर थांबू नये. ज्या राष्ट्राने १९५५ आणि १९८५ अशा दोन्ही वेळा आपली विमाने गमावली, त्याला या विषयात बोलण्याचा अधिकार इतर बहुतेकांहून अधिक आहे, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मंडळावर त्याची जागाही आहे. पहिली गोष्ट आमच्या घरची: ‘काश्मीर प्रिन्सेस’ संबंधी सरकारच्या दप्तरी जे काही कागद अजून मिटलेले असतील, ते सर्व उघडे करावेत. सत्तर वर्षांनी त्यात कोणाची लाज राखावयाची आहे? दुसरी गोष्ट अधिक निकडीची. युद्ध पेटलेल्या भूमीवरचे आकाश केव्हा बंद करावयाचे, हा निर्णय आज मुख्यतः त्या भूमीच्या सरकारवर सोडलेला आहे, आणि त्या सरकारला उड्डाणशुल्काचे उत्पन्न असते, आपली सत्ता अबाधित आहे असे दाखवावयाची हौसही असते. युक्रेनने त्या दिवशी बत्तीस हजार फुटांखालचे आकाश बंद ठेवले होते; एम.एच. १७ तेहतीस हजारांवर होते. एक हजार फुटांचा हा कागदी पडदा! आमच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परराष्ट्राच्या सूचनेची वाट न पाहता असे मार्ग भारतीय विमानांना स्वतःच वर्ज्य करावेत, प्रवास दोन तासांनी लांबला तरी चालेल. आणि तिकीट विकताना विमान कोणत्या देशांवरून जाणार आहे हे प्रवाशाला सांगण्याची सक्ती सर्व कंपन्यांवर करावी.